पॉलिशचे सात हात

आईने आमच्या अल्बममधलं एकच गाणं ऐकलं, तेही अर्धं. मग ती खुर्चीतून उठली, स्पीकरपाशी गेली आणि तिने वायर ओढून काढली. बंद करायचं बटण तिच्या नाकासमोर होतं, तरी तिने वायरच काढली.

"हे कुठे मिळालं तुला?"

माझ्या संगीताबद्दल आईने स्वतःहून प्रश्न विचारण्याची ही बहुधा पहिलीच वेळ. सोळा वर्षं मी 'गारगोटी' या बँडमध्ये ड्रम बडवतेय. एवढ्या काळात तिने एकदाच आमचं वाजवणं ऐकलं होतं आणि "तुमच्या कानांना त्रास नाही का गं होत?" एवढंच म्हणाली होती.

"आमच्या इम्तियाजच्या दुकानात एक जुनी तंबोरी आहे, तिच्यातून काढलंय," मी म्हणाले.

"ती विकली नव्हती त्यांनी?"

दुकानात जुन्या तंबोऱ्या पंधरा-वीस तरी असतील. त्यातली कोणती, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

"तो पोरीचा आवाज काढून टाक," आई म्हणाली. "बाकी काय धिंगाणा घालायचा तो घाला." तिने गाण्याच्या क्लासच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. क्लासची वेळ नसताना वृंदा आठल्ये या बाईने ते दार लावलेलं मी छत्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

आता तंबोरीतून गाणं काढलं म्हणजे काय, ते सांगते.

आमच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवते ती प्रणिता घोरपडे. ती शनिवार-रविवार आमची, आणि बाकीचे पाच दिवस पुण्यातल्या एका प्रयोगशाळेची. पुलांच्या लोखंडावरचा रंग आतून सोलतोय का, हे न खरवडता बघणारं एक यंत्र तिच्या गटाने बनवलं. यंत्र प्रकाश सोडतं आणि रंगाच्या थराची केसाच्याही हजाराव्या भागाइतकी बारीक चाचपणी करतं. एका पुलाच्या रंगात त्यांना विचित्र लाटा सापडल्या. यंत्र बिघडलं म्हणून दोन महिने डोकं फोडून घेतल्यावर कुणीतरी त्या लाटा स्पीकरला जोडल्या. तो ट्रकचा हॉर्न निघाला. पूल रंगवला त्या दिवशी जवळून गेलेल्या ट्रकचा.

त्यामागचं शास्त्र तसं सोपं आहे. रंग असो की पॉलिश, ते एकदम सुकत नाही. वरून सुरू होतं आणि पापुद्र्या-पापुद्र्याने खाली सुकत जातं. ज्या क्षणी एखादा पापुद्रा घट्ट होतो, त्या क्षणी खालचा पत्रा किंवा लाकूड आवाजाने थरथरत असेल, तर ती थरथर त्या पापुद्र्यात गोठते. पुढच्या क्षणाची थरथर त्याच्या खालच्या पापुद्र्यात. म्हणजे थराची जाडी हाच वेळ. साधी भिंत बोलण्याने फारशी थरथरत नाही, म्हणून तिच्यात थोडंच सापडतं. पण तंबोऱ्याचा पोकळ भोपळा आणि त्यावरची तबली, म्हणजे पातळ लाकडी झाकण, कुणी शिंकलं तरी थरथरतात. पॉलिशच्या एका हातात साधारण चार मिनिटं सापडतात.

सापडतात ती तुकड्यातुकड्यांनी. मधल्या जागा एक प्रोग्रॅम भरून काढतो. त्याने लाखो तास गाणं आणि बोलणं ऐकलेलं आहे. जिथे खूण पुसट, तिथे तो सवयीने भरतो. लग्नपत्रिकेवर डाग पडला तरी नाव आपण पुरं वाचतो, तसंच. या यंत्राला लोक 'थरवाचक' म्हणू लागले.

ही बातमी फुटली तेव्हा जो गोंधळ उडाला तो सगळ्यांना आठवत असेल. लोकांनी कपाटं तासून घेतली. घटस्फोटाच्या खटल्यात एका वकिलाने शयनघराचं दार कोर्टात आणलं. रंगारी कामाला आले की घरातली माणसं खाणाखुणांनी बोलू लागली. मग नियम आला: थरात सापडलेलं गाणं, वाद्य, पक्षी, हॉर्न सगळ्यांना खुलं; माणसांचं बोलणं मात्र बंद. त्या खोलीत तेव्हा हजर असलेल्या कुणाची सही मिळाली तरच ते उघडायचं. म्हणून प्रोग्रॅमला आधीच सांगून ठेवावं लागतं की सूर ठेव, बोलणं टाक.

आम्हीही पहिल्याच दिवशी तसं सांगितलं आणि विसरून गेलो. आम्हाला गाणं हवं होतं. गप्पा ऐकून काय करायचंय?

कल्पना इम्तियाजची. तो आमचा गायक आणि गिटारवाला. त्याचं घराणं मिरजेत सहा पिढ्या तंबोरे करतं. त्याचे वडील रज्जाकचाचा जाऊन बारा वर्षं झाली. त्यांच्या दुकानात एक रीत होती, ती मीही लहानपणी पाहिली असणार. वाद्य पुरं झालं की रोज सकाळी पॉलिशचा एक हात, असे सात दिवस सात हात. मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत बुडवायचा आणि फिरवायचा. एरवी दुकानात दिवसभर कानस, रंधा, हातोडी. पण पॉलिश ओलं असताना कुणी हलायचं नाही, कारण धूळ उडून बसली की हात वाया गेला. सगळे कारागीर मांडी घालून जागच्या जागी बसायचे. चाचा फार तर दुसरा एखादा तंबोरा मांडीवर घेऊन छेडत राहायचे.

"अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ दुकान शांत," इम्तियाज म्हणाला. "बघ की, तंबोरा वाजतोय आणि पॉलिश सुकतंय. सगळं भरलेलं असणार त्यात."

आम्हाला असं वाद्य हवं होतं ज्याच्यावर नंतर दुसरा हात चढलेला नाही. दुकानात तशी एकच निघाली. खुंटीला टांगलेली एक छोटी तंबोरी, लहान मुलाच्या मांडीवर बसेल एवढी. तिला तारासुद्धा कधी चढल्या नव्हत्या. गिऱ्हाइकांनी मागितली तर चाचा म्हणायचे, "बुकिंगची हाय." कुणाचं बुकिंग, ते इम्तियाजला माहीत नव्हतं.

तिच्या सात थरांतून सात गाणी करायची, असं ठरलं. अल्बमचं नाव 'सात हात'. थरवाचक वरून खाली वाचतो, म्हणून पहिलं गाणं शेवटच्या दिवसाचं आणि सातवं पहिल्या दिवसाचं. त्यात आम्ही सगळं घातलं. हलगी घातली, मेटलची गिटार घातली, नाटकातल्या गाण्यासारख्या ताना, शाहिरी डफ, प्रणिताच्या कीबोर्डची गुरगुर. बाळू थोरात हा आमचा बेसवाला. त्याने एरवी वर्षात जेवढं बोलावं तेवढं एका गाण्यात ओरडून घेतलं.

आणि पाचव्या दिवसाच्या हातात ती पोर सापडली.

तंबोरा चालू होता. त्यावर तीन-चार वर्षांच्या मुलीचा आवाज आला. ती बहुधा सुकणाऱ्या भोपळ्याशीच गात होती. "भोपळ्या, भोपळ्या, झोपलास का?" एवढंच, पुन्हा पुन्हा. 'का'वर ती गंधारावर, म्हणजे सारेगमच्या 'ग'वर, थांबायची आणि तिथून हलायचीच नाही. आम्ही चौघं हेडफोन लावून बसलो होतो. बाळू रडला. इम्तियाज म्हणाला, "गिटारशी असा जुळतोय हा गंधार, जणू पोरगी गिटारवरच शिकलीय." आम्ही तो आवाज जसाच्या तसा ठेवून त्याभोवती अकरा मिनिटांचं गाणं बांधलं. शेवटी माझे ड्रम एकेक करून थांबतात आणि ती एकटी उरते. पोर कुणाची ते माहीत नव्हतं. इम्तियाजला वाटलं, त्याची एखादी आतेबहीण असेल.

मला मात्र तो आवाज ऐकला की कसंतरी व्हायचं. हेवा म्हणा. मी बेसूर आहे. हे कुणी माझ्यावर लादलेलं मत नाही, गावाला माहीत असलेली गोष्ट आहे. आई गायिका, घरात तीस-तीस मुली शिकायला, आणि गाणाऱ्या बाईची मुलगी ठार बेसूर, याची मिरजेत बरीच गंमत व्हायची. शाळेच्या समूहगीतात मी मागच्या रांगेत नुसते ओठ हलवायचे. घरी गुणगुणले की आई आतून म्हणायची, "राहू दे." रागाने नाही, अगदी थकल्यासारखं. शिष्यांना ती एकच शब्द वापरायची, "परत." चुकलं की परत. जमलं तरी परत. भिंतीपलीकडून तो शब्द दिवसातून दोनशे वेळा ऐकत मी मोठी झाले आणि तो मला उद्देशून एकदाही आला नाही. मी ड्रम घेतले, कारण तिथे सूर लागत नाही असं मला वाटायचं. ड्रमलाही सूर असतो हे फार उशिरा कळलं. माझे ड्रम आजही इम्तियाज लावून देतो.

तर आईने वायर ओढली त्याच दिवशी दुपारी मी प्रणिताला फोन केला.

"पाचव्या हातातलं बोलणं उघड."

"सही लागेल, माहितीये तुला. त्या खोलीत असलेल्या कुणाची तरी."

"माझी चालेल."

प्रणिता म्हणाली, "शाल्मली, नीट विचार करून बोल."

"ती पोर मी आहे," मी म्हणाले. हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाही ते पुरतं कळलं नव्हतं. फोन कानाला लावून मी जिन्याच्या पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इम्तियाजला घेऊन पुण्याला गेले. त्याच्या वडिलांचं बोलणं असणार, त्याला न सांगता ऐकणं बरं दिसलं नसतं. प्रणिताने सातही हात उघडून ठेवले होते. यंत्राचा क्रम वरून खाली, म्हणून ऐकलंही तसंच, उलटं.

सातवा दिवस. आधी तंबोरा. मग रज्जाकचाचा.

"उद्या तारा चढवतो, ताई. परवा घेऊन जावा."

"नको, चाचा." आईचा आवाज. तेहतीस वर्षांच्या आईचा. "राहू दे इथेच."

"बुकिंग तुमचं हाय की."

"असू दे."

बराच वेळ नुसता तंबोरा. मग चाचा हळू म्हणाले, "ताई, पोरगी सुरात हाय. पक्की. मी बोटांनी लाकूड ओळखतो आणि कानानं गळा. देवाची देणगी हाय ही."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "तिला कळायला नको."

माझ्या शेजारी इम्तियाजने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. बारा वर्षांनी त्याला बापाचा आवाज ऐकू आला होता, आणि तो असा. मला काय वाटत होतं ते मी आजही धड सांगू शकत नाही. ती चूक नव्हती. आईचा कान चुकला असता तर मी सोडून दिलं असतं. तिला माहीत होतं. समूहगीताच्या दिवशी माहीत होतं, मी गुणगुणायचे तेव्हा माहीत होतं, पंधराव्या वर्षी मी न्हाणीघरात नळ सोडून त्याच्या आवाजात चोरून गायचे आणि ती बाहेरून दार वाजवायची तेव्हाही माहीत होतं.

"बंद करू?" प्रणिताने विचारलं.

"पुढे चल."

सहाव्या हातात फारसं काही नव्हतं. पाचव्यात माझं गाणं होतं, आणि त्या गाण्याच्या खाली, आम्ही जे बोलणं म्हणून गाळायला सांगितलं होतं, तिथे आई होती.

"हा गंधार ऐकलात, चाचा? मी अठरा वर्षं शोधतेय तो. पहाटे चारला उठून. गुरुजींनी मांडीवर पट्ट्या मारल्या त्याच्यासाठी. लागतो कधी कधी, आणि हातातून सुटतो. हिला खेळता खेळता सापडला. मला आनंद व्हायला पाहिजे ना? तो होत नाही. हिने तोंड उघडलं की मला माझं सगळं गाणं खोटं वाटतं."

चाचा तंबोरा छेडत राहिले. मी गात होते, झोपलास का, झोपलास का.

चौथा, तिसरा, दुसरा. आई कमी कमी बोलत गेली, म्हणजे खरं तर दिवसागणिक जास्त बोलू लागली होती. शेवटी पहिला हात.

"अगदी छोटी करा हं, चाचा. तिच्या मांडीवर बसली पाहिजे. मला माझी अशी कुणी दिली नाही, विसाव्या वर्षापर्यंत दुसऱ्यांच्या तंबोऱ्यांवर गायले मी. हिला पहिल्यापासून स्वतःची हवी." आणि ती हसली. खळखळून. मी ते हसणं ओळखलंच नाही. प्रणिताला विचारलं, "ही कोण?" ती म्हणाली, "तुझी आई."

परतीच्या गाडीत इम्तियाज म्हणाला, "रविवारी अल्बम बाहेर जायचाय. तू म्हणशील ते करू. गाणं काढायचं तर काढू, बाळूला मी समजावतो."

"आणि बोलणं? तेही घातलं तर?"

त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. "लोक ऐकतील. येड्यासारखं ऐकतील. तुझ्या आईला मिरजेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "काही कर, पण पुसून टाकू नको. अब्बा हायेत त्यात."

मला लोकांनी ऐकायला हवं होतं. खरं सांगते, कराड येईपर्यंत मी मनातल्या मनात तो अकरा मिनिटांचा तुकडा बदलून टाकला होता. माझे ड्रम थांबतात, पोर एकटी उरते, आणि मग आईचं वाक्य: 'तिला कळायला नको.' काळीज चिरत जाईल असा शेवट. तीस मुली आणि त्यांच्या आया ऐकतील. ऐकू देत. माझा गळा गेला तेव्हा कुणाचं काय गेलं?

शनिवारी सकाळी मी घरी गेले. क्लास चालू होता. दाराबाहेर चपलांची रांग, आत दहा-बारा वर्षांच्या मुली आणि तो शब्द. परत. परत. मी ओट्यावर बसून राहिले. मुली गेल्या. आई तंबोरा भिंतीला टेकवून तशीच बसली होती. ती माझी वाटच बघत असावी.

"ऐकलंस," ती म्हणाली.

"सगळं."

तिने मान हलवली. मी भांडायला आले होते. गाडीत वाक्यं पाठ केली होती. पण ती इतकी लहान दिसत होती त्या सतरंजीवर की माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. मी तिला सुटायला दार उघडून दिलं.

"यंत्र चुकतं, आई. प्रणिताच सांगते. पुसट असेल तिथे ते आपल्या मनाने भरतं. बेसूर पोरीलाही सुरात आणत असेल. मी बेसूरच असेन. तू चाचांचं मन राखायला 'माहीत आहे' म्हणाली असशील. तसं म्हण, मी मानीन."

आईने चष्मा काढून हातात घेतला. हो म्हणाली असती तर मी खरंच मानलं असतं. मला तसं हवंही होतं.

"यंत्र चुकलंय," ती म्हणाली.

मी श्वास सोडला.

"त्याने तुझा गंधार चढवलाय. परवा ऐकला तेव्हाच कळलं मला. तो पेटीचा गंधार आहे, तुमच्या गिटारचा. तू तो लावत नव्हतीस. तुझा केसभर खाली होता. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप निघतो ना, तो. चाचा छेडत होते त्यातून तू उचललास. त्या यंत्राने जन्मभर पेट्या ऐकल्या असतील, त्याला वाटलं पोर चुकली, म्हणून सरळ केलंन. तू चुकली नव्हतीस."

मी मोबाइल काढला. प्रणिताला लिहिलं, पाचव्या हातातला गंधार न भरता नुसत्या खुणांवरून मोज. पंधरा मिनिटांनी उत्तर आलं. 'भरलेल्यापेक्षा खाली आहे. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर चौदा भाग. तंबोऱ्याच्या गंधारावर तंतोतंत. हे तुला कसं कळलं?'

बत्तीस वर्षं. मिरजेतल्या त्या दुकानात चार मिनिटं गायलेला एक स्वर, शंभरातल्या चौदा भागांसकट, या बाईने जपून ठेवला होता. आणि मला म्हणत होती, राहू दे.

"का सांगितलं नाहीस?" आता मात्र माझा आवाज चढला. "नंतर तरी?"

"पाचव्या वर्षी सांगता आलं असतं. मग सहावं आलं. दर वर्षी जास्त उशीर होत गेला. तू ड्रम घेतलेस तेव्हा वाटलं, सुटले मी." तिने पदराने चष्मा पुसला. "मी तुझा मत्सर केला, शालू. चार वर्षांच्या पोरीचा. याला दुसरं नाव नाही. माफी मागितली तर तू द्यायला बांधली जाशील, म्हणून मागत नाही."

मी दिलीही नाही. आजही दिलेली नाही. तिने जे नेलं त्याला तोडीस तोड देण्यासारखं तिच्याकडे काही नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

"उद्या अल्बम निघतोय," मी म्हणाले. "तुझं बोलणं आहे माझ्याकडे."

"घाल."

"सगळे ऐकतील."

"ऐकू देत, माझंच आहे ते. पण गंधार आधी दुरुस्त करायला सांग त्या मुलीला. तो चुकीचा जाता कामा नये." मग तिने विचारलं, "तुमच्या गिटारशी जुळेल का गं मग?"

"नाही जुळणार. इम्तियाजला गिटार काढावी लागेल तिथली."

"मग काढा."

तिने भिंतीचा तंबोरा ओढून मांडीवर घेतला. पासष्ट वर्षांची बोटं तारांवर फिरू लागली. डोळे मिटून तिने लावला, तो गंधार. आवाज चिरका झालाय तिचा आता, श्वास पुरत नाही, पण तो होता. हेडफोनमध्ये महिनाभर ऐकलेल्यापेक्षा केसभर खाली, आणि तंबोऱ्यात असा मिसळला की ती गातेय की तारा, ते कळेना. अठरा वर्षं शोधला म्हणाली होती. नंतर कधीतरी सापडला असणार. कुणाचा ऐकून सापडला, ते मी विचारलं नाही.

तिने डोळे उघडले. "आता तू लाव."

"मला येत नाही."

तंबोरा चालूच होता. तिने बोटं थांबवली नाहीत. मी तोंड उघडलं. त्या गंधारासाठी बत्तीस वर्षांनी माझ्या घशातून जे बाहेर आलं ते ऐकून मलाच लाज वाटली. चिरकलं, वर गेलं, घसरलं. मी तोंड मिटून घेतलं आणि लहानपणची सवय म्हणून वाट पाहिली, आता ती म्हणेल, राहू दे.

"परत," आई म्हणाली.